विलायती शेतकरी जोडप्याचा घरगुती निकाल

तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात नंबर लावण्याचे काम माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहे. कांदा असो, भोपळा असो की ज्वारीचे कणीस असो, गुणांचे रकाने ठरलेले असतात. आकार, रंग, दाण्याचा भरणा, कीड-रोगाचा डाग. पंचाने रकाने भरायचे, बेरीज मारायची आणि ज्याला नंबर मिळाला नाही त्याचे बोलणे पुढे आठ दिवस ऐकून घ्यायचे. या हिवाळ्यात मी आणि आमच्या सौ.नी मिळून असेच नंबर लावले. पण ते पिकांना नव्हे, एका जुन्या इंग्रजी विनोदी मालिकेच्या भागांना. हसू नका, वाचकहो. मालिका शेतीवरची आहे आणि शेती करणाऱ्या घराने पाहावी अशी आहे.

मालिकेचे नाव 'द गुड लाइफ', म्हणजे चांगले जगणे. नायकाचे आडनावही गुड, म्हणून नावाला दुहेरी अर्थ. बीबीसीने ती ४ एप्रिल १९७५ रोजी सुरू केली आणि १९७८ साली शेवटचा भाग दाखवला. सगळे मिळून तीस भाग. लिहिणारे दोघे, जॉन एस्मंड आणि बॉब लार्बी. माझा भाचा नोकरीनिमित्त तिकडे असतो. त्याने दिवाळीला येताना हे सगळे भाग एका पेनड्राइव्हवर आणून दिले. रोज जेवणे आटोपली की एक भाग, असा आमचा महिनाभर नेम होता. सौ.ना इंग्रजी फारसे येत नाही. मी मधून मधून अर्थ सांगत असे. पुढे पुढे त्याचीही गरज उरली नाही. "कळलं मला, कोंबडीच्या खुराड्यावरून भांडतायत," असे त्याच मला सांगू लागल्या.

गोष्ट अशी. लंडनच्या नैर्ऋत्येला सर्बिटन नावाचे उपनगर आहे. नीटनेटके बंगले, पुढे-मागे हिरवळ, सकाळी सगळे पुरुष गाडीने कचेरीला. तेथे टॉम गुड आणि त्याची बायको बार्बरा राहतात. टॉम नकाशे आणि नमुने काढणारा नोकरदार. त्याची कंपनी प्लॅस्टिकच्या वस्तू बनवते, आणि न्याहारीच्या खाऊच्या खोक्यात मुलांसाठी फुकट घालायची प्लॅस्टिकची जनावरे काढण्याचे काम त्याच्याकडे असते. चाळिसाव्या वाढदिवसाला त्याच्या मनात येते, की आपण जन्मभर हेच करीत राहायचे का? तो नोकरी सोडतो. घराचे कर्ज फिटलेले आहे. तेव्हा हिरवळ उकरायची, भाजीपाला लावायचा, जनावरे पाळायची आणि विकत काही आणायचे नाही, असे दोघे ठरवतात. शेजारी जेरी आणि मार्गो लेडबेटर हे जोडपे. जेरी टॉमच्याच कंपनीत वरच्या जागेवर. मार्गोला प्रतिष्ठेची फार काळजी. कुंपणाच्या एका बाजूला तिची चहाची मेजवानी आणि दुसऱ्या बाजूला डुकरे, यातूनच सगळे विनोद निघतात.

ही कल्पना तेव्हा त्या देशात हवेतच होती. १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले. १९७४ च्या सुरुवातीला वीज वाचवण्यासाठी कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालवावे लागले. १९७५ मध्ये महागाई वर्षाला २४ टक्क्यांच्या आसपास होती. पगारदाराची रविवारची पिशवी हलकी होत चालली होती. अशा वेळी परसात बटाटे लावणारा माणूस लोकांना वेडाही वाटला आणि थोडा शहाणाही वाटला.

टॉमचे काम रिचर्ड ब्रायर्स यांनी केले, जेरीचे पॉल एडिंग्टन यांनी, मार्गोचे पेनेलपी कीथ यांनी. बार्बरा झालेल्या फेलिसिटी केंडल यांचे बालपण आणि तरुणपण भारतात गेले. त्यांचे वडील जेफ्री केंडल शेक्सपिअरची नाटके घेऊन आपल्या देशात गावोगाव, शाळाशाळांतून फिरत असत. थोरली बहीण जेनिफर म्हणजे शशी कपूर यांच्या पत्नी. मुंबईला जुहूचे पृथ्वी थिएटर १९७८ साली या पती-पत्नींनीच उभे केले. हे सांगितल्यावर सौ. म्हणाल्या, "तरीच! मांडी घालून बसल्यावर बाई परकी वाटत नाही."

आता निकालाकडे वळतो. गुणांचे रकाने आम्ही तीन केले. पहिला, हसू किती आले. दुसरा, त्यातली शेती किती खरी. तिसरा, त्यातले घर किती खरे. तिसरा रकाना सौ.च्या आग्रहाने घातला आणि पुढे सगळा वाद त्यानेच झाला.

शेतीच्या रकान्यात मी थोडा कडकच होतो. बंगल्याच्या आवारात भाजीपाला निघेल, कोंबड्याही निघतील. पण मोठ्या झालेल्या डुकराला रोज दोन-तीन किलो खाद्य लागते. ते एवढ्याशा जागेत पिकत नाही. हा हिशेब मालिकेत फारसा येत नाही, म्हणून काही भागांचे गुण कापले. एक गोष्ट मात्र चांगली आहे. कॅमेऱ्यापुढे कागदाची झाडे उभी केलेली नाहीत. लंडनच्या वायव्येला नॉर्थवुड येथे एका खऱ्या घराची बाग बीबीसीने खणली, तिथे खरेच पीक लावले आणि काम झाल्यावर बाग पुन्हा नीट करून देण्याचा शब्द मालकांना दिला. त्यामुळे चिखल खरा आहे. माती बुटाला कशी चिकटते, हे पाहूनच शेतकऱ्याला ते कळते.

पाचवा नंबर, 'द थिंग इन द सेलर', १९७५. सेलर म्हणजे घराखालचे तळघर. टॉम तेथे जनावरांच्या शेणा-मुताचा वायू करून त्यावर वीज तयार करण्याचे यंत्र बसवतो. म्हणजे आपला गोबर गॅसच. गोबर गॅसच्या टाकीभोवती उभे राहून ज्यांनी नाके दाबली आहेत, त्यांना यातले हसू वेगळे समजावून सांगायला नको. मैल्यातला वायू वापरण्याचा प्रयोग आपल्याकडे मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ सालीच झाला होता, तेव्हा टॉमने काही नवे केले नाही. आणि त्याचा हिशेबही कच्चा आहे. एक घनमीटर वायूला साधारण पंचवीस किलो ताजे शेण रोज लागते. पाच-सहा माणसांच्या स्वयंपाकाला दोन घनमीटरचा संच, म्हणजे चार-पाच मोठी जनावरे दावणीला हवीत. टॉमकडे एक शेळी आणि दोन डुकरे. त्यात विलायतेतली थंडी. वायू करणाऱ्या जंतूंना तीस-पस्तीस अंशांची ऊब लागते, गारठ्यात ते काम करीत नाहीत. तरीही नंबर दिला, कारण वाया जाणाऱ्या शेणाकडे पाहून ज्याचा जीव तळमळतो, तो माणूस शेतकरी होऊ शकतो.

चौथा नंबर, 'जस्ट माय बिल', १९७५. विकत काही आणायचे नाही असे ठरवले, तरी बिले यायची थांबत नाहीत. पैसा हवा, म्हणून गुड जोडपे आपला जादा भाजीपाला विकायला निघते. पिकवताना जो टॉम सिंह असतो, तो विकताना मांजर होतो. या भागात मी फार हसलो नाही. बाजार समितीच्या आवारात भाव ऐकून गप्प उभे राहिलेले चेहरे मी पुष्कळ पाहिले आहेत. पिकवण्याचे शास्त्र आम्ही अधिकारी लोक शिकवतो, पण घामाला आकडा लावण्याची घडी आली की शेतकरी एकटाच उभा असतो. त्या काळच्या एका विनोदी मालिकेने हे ओळखले, याबद्दल खरेपणाचे पूर्ण गुण.

तिसरा नंबर, 'द हॅपी इव्हेंट', १९७६. घरात डुकरीण विते. डुकरिणीचे दिवस आम्हाला कॉलेजात पाठ करून घेतले होते, तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, म्हणजे ११४ दिवस. पिल्लांत एक अशक्त निघते आणि ते जगते की नाही, यावर सगळी रात्र जाते. हिशेबाने पाहिले तर अशा पिल्लामागे रात्र घालवणे परवडत नाही. टॉमला ते ठाऊक आहे. पण गोठ्यात कंदील धरून बसलेल्या माणसाला तेव्हा हिशेब सुचत नसतो. हा भाग चालू असताना सौ. एकदाही उठल्या नाहीत. भाग संपल्यावर त्यांनी माहेरच्या कपिलेचे नाव घेतले आणि पाणी प्यायला आत गेल्या.

दुसरा नंबर, 'द विंडब्रेक वॉर', १९७६. विंडब्रेक म्हणजे वारा अडवणारा आडोसा. आपण केळीच्या बागेभोवती शेवरी लावतो, त्यातलाच प्रकार. मार्गो आपल्या बागेला तो आडोसा घालायचे ठरवते, आणि त्याची सावली पडणार टॉम-बार्बराच्या फळझुडपांवर. विलायतेत ऊन आधीच कमी. सावली पडली की फळ गेले. झाले, भांडण जुंपते. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे बांधावरच्या एका बाभळीच्या सावलीवरून दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात की नाही? पुढे चौघे बसतात आणि टॉमच्या घरची दारू पितात. ही दारू वाटाण्याच्या शेंगांची असते आणि सगळ्या मालिकाभर तिची थट्टा चालते. जीभ सैल झाल्यावर मार्गो जे बोलते, त्यासाठी हा भाग पाहावा. सगळे हसत असतात तेव्हा मला त्यातला विनोदच कळत नाही, असे ती कबूल करते. इतके भाग आपण जिला हसत होतो, त्या बाईला हे सारे माहीत असते. त्या रात्री भांडण मोडते ते मोजणी करून नव्हे. मोजणीचा नकाशा हद्द दाखवतो, पलीकडच्या माणसाच्या मनात काय आहे ते दाखवत नाही.

पहिला नंबर, 'बॅक्स टु द वॉल', १९७५. हा पहिल्या वर्षाचा शेवटचा भाग. पीक काढणीला आले आहे, हवा फिरली आहे आणि ऐन वेळी टॉमची पाठ धरते. माणूस अंथरुणात आडवा, शेतात बार्बरा एकटी. आणि मग कुंपणापलीकडून जेरी आणि मार्गो येतात. डुकरांच्या वासाने जिचे डोके उठते, तीच मार्गो पिवळा रेनकोट आणि बूट चढवून पावसात चिखलात उतरते. तिला काम येत नाही, तोंडाची टकळी थांबत नाही, तरी ती उतरते. आपल्याकडे याला कुठे सावड म्हणतात, कुठे इर्जिक. ज्याचे औत अडले त्याच्या शेतात सगळ्यांनी जायचे, त्याने जेवण घालायचे, उद्या त्याने दुसऱ्याकडे जायचे. माझ्या लहानपणी आमच्या गावात खळ्यावर दहा घरची माणसे दिसत. आज यंत्र येते, मजुरीचा आकडा ठरतो आणि शेजारी आपापल्या बांधावरून पाहतो.

मालिकेचे खरे म्हणणे मला या भागात सापडले. टॉम आणि बार्बरा कोणाचे मिंधे राहायचे नाही म्हणून निघतात, आणि त्यांचे वर्ष निभावते ते शेजाऱ्यांमुळे. ही मालिका अमेरिकेत दाखवली तेव्हा तिचे नाव बदलून 'गुड नेबर्स', म्हणजे चांगले शेजारी, असे ठेवले होते. 'द गुड लाइफ' नावाची एक मालिका तिकडे आधीच होऊन गेली होती, एवढेच त्याचे कारण. पण मला विचाराल तर तेच नाव जास्त शोभते.

लोकांचा आवडता भाग विचाराल, तर तो १९७७ च्या नाताळातला. मार्गोने मागवलेले नाताळचे झाड मापापेक्षा सहा इंच कमी भरते, म्हणून ती ते परत पाठवते आणि सणाचे सगळे सामानच हातचे जाते. मग लेडबेटर जोडपे गुड यांच्या घरी घरगुती सण करते. हसू भरपूर, पण शेती त्यात नावाला. म्हणून आमच्या स्पर्धेत तो बसला नाही. १९७७ चाच 'अॅनिव्हर्सरी' हा भाग आम्ही बक्षिसाच्या बाहेर ठेवला. त्यात चोर शिरून गुड यांच्या घराची नासधूस करतात आणि बार्बरा कोसळते. गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी मी पंचनाम्याला शेतात जातो, तेव्हा बाया बांधावर अशाच बसलेल्या असतात. त्याला गुण देणे बरे वाटले नाही.

आता वादाचे सांगतो. सौ.नी माझा पहिला नंबर मान्य केला नाही. त्यांचा पहिला नंबर 'द लास्ट पॉश फ्रॉक', १९७६. बार्बराचा उरलेला एकच चांगला पोशाख कामातून जातो. नवा घ्यायला पैसे नाहीत. रोज विजारी, बूट आणि माती. आपण बाई आहोत हेच आपण विसरत चाललो, असे तिला वाटू लागते. मी याला पाचातही घेतले नव्हते. मी म्हणालो, "अगं, यात शेती कुठे आहे?"

"अहो, यातच आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या सगळ्या भागात पिकाचं काय झालं ते आहे. पिकवणारीच्या अंगावर काय उरलं, ते या एकाच भागात आहे. माझ्या आईकडे लग्नाला नेसायचं एकच लुगडं होतं. ते उसवलं त्या वर्षी ती कोणाच्या लग्नाला गेली नाही. घरात कोणाला कळलंही नाही, का गेली नाही ते."

यावर पंचाजवळ उत्तर नव्हते.

त्यांच्या बोलण्याला आणखी एक कारण होते. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतो. गावाकडे तीन एकर जमीन आहे, विहीर आहे, पडझडीला आलेले घर आहे. तेथे जाऊन राहावे असा माझा विचार आहे, आणि मालिका पाहताना तो बळावत होता हे त्यांना दिसत होते. एक दिवस जेवताना त्यांनी विचारले, "टॉमची पाठ धरली तेव्हा मार्गो आली. तुमची धरली तर कोण येईल? गावातल्या निम्म्या घरांना तर कुलपं आहेत." मी दोन-तीन नावे सांगितली. त्यांनी प्रत्येकाचे वय विचारले. सगळे माझ्याच वयाचे निघाले.

"मी नाही म्हणत नाही," त्या पुढे म्हणाल्या. "बार्बरानंही नाही म्हटलं नाही. पण टॉमनं तिला आधी विचारलं, आणि तिनं विचार करून मग हो म्हटलं. मीही विचार करूनच सांगेन."

तीन दिवसांनी त्यांनी अटी सांगितल्या. सातबाऱ्यावर त्यांचे नाव लागले पाहिजे. शेळ्या-कोंबड्यांचा पैसा त्यांच्या खात्यात जाईल आणि त्याचा हिशेब मी विचारायचा नाही. आणि पहिल्या सुगीच्या आधी शेजारच्या दोन घरांशी सावडीचे बोलणे झाले पाहिजे. ते मी एकट्याने करायचे नाही, दोघांनी मिळून त्यांच्या घरी जाऊन करायचे. बायकांशी त्या बोलतील. नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचे नाव सातबाऱ्याला लागते, हे लक्ष्मी मुक्ती योजनेचे कलम मी सभांमधून कित्येकांना वाचून दाखवले आहे. आमचा अर्ज मागच्या सोमवारी तलाठी कार्यालयात दिला. पोच सौ.नी आपल्या डब्यात ठेवली आहे.

रिचर्ड ब्रायर्स आणि पॉल एडिंग्टन आता हयात नाहीत. लिहिणारे दोघेही गेले. पण पडद्यावरच्या त्या बागेत अजून लेनिन नावाचा कोंबडा आरवतो आणि जेराल्डिन शेळी दाव्याला हिसके देते. शेतकऱ्याच्या घरी बसून पाहिले तर त्यातले पुष्कळसे ओळखीचे वाटते. तुमच्याकडे इंग्रजी शिकणारी मुले असतील, तर त्यांना शेजारी बसवून एखादा भाग जरूर पाहा. आणि निकाल लावताना घरातल्या सगळ्यांची मते घ्या. आमच्या घरी पंचांचे एकमत झाले नाही, म्हणून दोन्ही निकाल येथे जाहीर करतो.

माझ्याकडून पहिला : 'बॅक्स टु द वॉल'.

सौ.कडून पहिला : 'द लास्ट पॉश फ्रॉक'.

दुसऱ्या नंबरावर मात्र दोघांनीही, एकमेकांना न विचारता, मार्गोचेच नाव लिहिले होते.